पिंजऱ्याचा झगा

४ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं ब्लडप्रेशर मिठाने वाढत नाही, तोंडाने वाढतं. लोकांना जे बोलावंसं वाटतं ते आधी वहीत लिहा. निम्मा राग तिथेच जिरेल."

ठीक आहे, लिहिते. तर पहिली गोष्ट, ह्याच डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या ड्रेसची बाही माझ्याकडून दोनदा बदलून घेतली आणि शेवटी म्हणाल्या, पहिलीच बरी होती. आणि तोंड म्हणे माझं!

दुसरी गोष्ट, माशा.

आमच्या पुढच्या खोलीतच माझं शिवणाचं दुकान आहे. दोन मशीन, कापायचं टेबल, उभा आरसा, ट्रायलसाठी पडदा, आणि गेल्या महिन्यापासून खिडकीजवळच्या स्टुलावर एक पिंजरा. पिंजऱ्यात लेकीचा हॅमस्टर. लेक नोकरीला परगावी गेली. तिथल्या हॉस्टेलवर जनावर चालत नाही, म्हणून ही ब्याद माझ्या गळ्यात. लेक त्याला बटण म्हणते. मी उंदीर म्हणते. उंदराला उंदीर म्हणायला मला काय कुणाची चोरी आहे?

जाताना लेकीने सूचनांचा पाढा वाचला. भुसा दर आठवड्याला बदल, पाण्याची बाटली रोज धू, आणि कोपऱ्यातल्या त्या लाकडी घरकुलाला हात लावू नकोस, तो बिचकतो. मी शब्दाची पक्की. भुसा बदलते, बाटली धुते, घरकुलाला बोटसुद्धा लावत नाही. इतकी स्वच्छता ठेवूनही आज पिंजऱ्यावर माशा घोंगावत होत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, शेजारच्या खुर्चीत बसून पेपराने त्यांना हाकलत होते. त्यांना हल्ली पेपर वाचता येत नाही, पण हलवता उत्तम येतो.

६ एप्रिल, गुरुवार

माशा वाढल्या. आज गिऱ्हाईक ट्रायलला पडद्याआड गेली आणि आतून टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं ड्रेस आवडला. कसलं काय, माशी मारत होती.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. समोर मासळीवाला आहे. पदर खोचून गेले आणि म्हटलं, "तुमच्या माशा माझ्या घरात येतात." तो मासा कापता कापता म्हणाला, "ताई, माझ्याकडे एवढी मासळी पडलेली असताना त्या तुमच्या उंदराकडे काय उपाशी राहायला येतील?"

त्याचं म्हणणं पटलं, म्हणून तर जास्त राग आला. परत येताना रागारागात चपलेचा पट्टा तुटला.

आजची एकच चांगली गोष्ट. मामंजींनी ताट चाटूनपुसून साफ केलं. डॉक्टरांनी त्यांना रोज उकडलेलं अंडं आणि पपईच्या फोडी सांगितल्या आहेत. थंडीपासून अर्धंअधिक परत यायचं. "पुरे झालं, सूनबाई," म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी हे म्हणते ते माझे यजमान, त्यांचा एकुलता एक मुलगा. पोटचा पोर गेल्यावर घास कसा उतरणार, असं म्हणून मीही फार आग्रह करत नव्हते. पण गेला महिनाभर, खुर्ची खिडकीशी हलवल्यापासून, ताट रोज लख्ख. हवा लागते, त्यामुळे भूक लागत असावी. किंवा माझ्या हाताला आता कुठे चव आली असेल.

९ एप्रिल, रविवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. आईचं तोंड दिसल्याबरोबर म्हणाली, "आई, बाजूला हो ना, बटण दिसत नाहीये." नऊ महिने पोटात वाढवलं त्याचं हे फळ.

मग म्हणाली, "तू त्याला वरचं काही देत नाहीस ना? फक्त त्याचे दाणे द्यायचे हं."

"मी? मला मान वर करायला फुरसत आहे का?"

अर्धं द्राक्ष म्हणजे देणं नव्हे. ते मऊ पडलं होतं, कचऱ्यातच जाणार होतं. दुसरं अर्धं दिलं, कारण नुसतं अर्धं ठेवून काय करायचं? तो दोन्ही हातांनी धरतो, गालात कोंबतो, तोंड एवढं होतं की मशीनखाली गुंतलेल्या दोऱ्याच्या गाठीसारखा दिसतो, आणि धूम घरकुलात पळतो. आत बसून निवांत खात असेल. रीतच आहे त्याची, चारचौघांत खात नाही. आमच्या काही गिऱ्हाइकांनी शिकावं.

मामंजी म्हणाले, "गुणी आहे हो." मी म्हटलं, "उंदीर आहे हो."

१० एप्रिल, सोमवार

आमच्याकडे दुपारी काजं करायला आणि हेम घालायला एक बाई येते. मी तिला काजवाली म्हणते. तिच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर इलाज असतो आणि ओच्यात कायम शेंगदाणे असतात. ती म्हणाली, "ताई, प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून टांगा. माशीला त्यात स्वतःचं मोठं तोंड दिसतं आणि ती भिऊन पळते."

टांगली. माशा पिशवीवर बसून आरसा बघत होत्या. संध्याकाळी पिशवी फुटली ती नेमकी मामंजींच्या डोक्यावर. ते म्हणाले, "अंघोळ झाली होती माझी, सूनबाई."

काजवाली म्हणाली, "मग लिंबात लवंगा टोचून ठेवा." ठेवलं. खोलीला वास छान आला. माशांनाही आवडला.

मी चहा टाकायला आत गेले तर ही पिंजऱ्याशी वाकून "ये रे माझ्या सोन्या" करत होती. मी आल्यावर उभी राहिली आणि ओचा झटकला. "मला नाही बाई असली जनावरं आवडत," म्हणाली.

१२ एप्रिल, बुधवार

मोठं गिऱ्हाईक आलं! नवरीची आई. नवरीचा मोतिया सॅटिनचा पायघोळ झगा, शिवाय घरातल्या झाडून सगळ्या बायकांचे कपडे. आख्खा सीझन निघेल. असं काम ह्या दुकानात आजवर आलं नव्हतं. मी कापड नुसतं हातात धरून बसले थोडा वेळ. लोण्यासारखं आहे.

बाई मात्र ताठ. आल्या त्या केकच्या दुकानातून. हातात नमुन्यांच्या केकचा डबा, वर चंदेरी साखरेच्या गोळ्या लावलेल्या. मला, मामंजींना, कुणाला तुकडा विचारला नाही. पिंजरा बघून "शी! उंदीर!" म्हणून ओरडल्या. माशा बघून नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, "आजच आल्यात, हवेमुळे." मामंजी खोकले. खरं बोलायची सवय त्यांना ह्या वयात सोडवत नाही.

नवरीचं माप घ्यायला तिला आत नेलं. परत आले तेव्हा नवरीची आई पिंजऱ्यापाशी उभी राहून बोटं पुसत होती. "किळस येते मला असल्या प्राण्यांची," म्हणाल्या. म्हटलं, येत असेल. मग लांब बसायचं, एवढी जागा आहे.

"ट्रायल कधी?" विचारलं. मी म्हटलं, "शनिवारी कच्च्या टाक्यांवर. पुढचं बघू, मंगळवारी या." मी सगळ्यांना मंगळवारच सांगते. कुठला मंगळवार ते कधी सांगत नाही. धंद्याची रीत आहे. शिंपी आणि सुतार ह्यांनी पहिल्या शब्दाला काम दिलं तर लोकांना वाटतं काम हलकं आहे.

१४ एप्रिल, शुक्रवार

मामंजींची घरातली पँट पुन्हा कंबरेत सैल झाली. गेल्या महिन्यात आत घेतली होती, आज परत घेतली. हल्लीच्या इलॅस्टिकमध्ये दमच नाही. दुकानदाराला झापणार आहे.

ताट आजही साफ. अंडं, पपई, चीजचा तुकडा, सगळं संपलं. मी म्हटलं, "वा मामंजी! असं पाहिजे!" तर लहान पोरासारखे हसले, तोंडावर हात धरून. आजकाल हसताना, बोलताना हात धरतात. म्हातारपणी लाजायला लागलेत.

माशांसाठी चिकट कागद आणला. वरून गुंडाळी सोडायची, ती लोंबते, माशा चिकटतात. पिंजऱ्याच्या वरच्या बाजूला टांगला. बघू या.

१५ एप्रिल, शनिवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून लिहिते.

चिकट कागदाला माशा एक-दोनच लागल्या. नवरीच्या आईचा रेशमी स्कार्फ मात्र पूर्ण लागला. त्या वळल्या, कागद ओढला गेला, स्कार्फवरून केसांत, केसांतून माझ्या कोपराला. आम्ही दोघी काही वेळ एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. नवरी हसत सुटली म्हणून तिला आईचं बोलणं बसलं. मी कात्री घेतली. बाई किंचाळल्या, "केस कापू नका!" मी स्कार्फ कापणार होते, पण तेही त्यांना चाललं नसतं.

आणि तेवढ्यात एक माशी मोतिया सॅटिनवर बसली आणि बारीकसा काळा ठिपका ठेवून गेली. छातीवर. मधोमध.

ठिपका मी काढला, लगेच काढला, डाग उरला नाही. पण बाईंचा आवाज खाली गेला, आणि आरडणाऱ्या बाईचा आवाज खाली गेला की समजायचं. "पुढच्या ट्रायलला हा पिंजरा इथे दिसला," त्या म्हणाल्या, "तर कापड उचलून मी दुसरीकडे जाईन."

१६ एप्रिल, रविवार

लेकीला फोन केला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तुझा उंदीर, तुझ्या माशा, माझा धंदा. वहीत लिहायचं राहून गेलं, तोंडातूनच गेलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं आई. माझी मैत्रीण पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाईल. तिच्याकडे मांजर आहे, पण ती दार बंद ठेवेल म्हणते."

"ठेवेल ना नक्की?"

"तुला काय करायचंय? तुझ्या घरातून गेला की झालं ना?"

झालं. एकदाचं सुटले. फोन ठेवला तर मामंजी मागे उभे. खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. रात्री ताट खोलीत दिलं. अंडं तसंच, पपई तशीच, सगळं परत आलं. बघा, खिडकीची हवा नाही मिळाली की कशी भूक मरते.

मांजर म्हणजे कसली असेल? दार बंद म्हणजे कडी लावून, की नुसतं ढकलून?

१८ एप्रिल, मंगळवार

आज तीन गिऱ्हाइकं आली, कारण मी त्यांना मंगळवारी बोलावलं होतं. तिघींना पुढच्या मंगळवारी बोलावलं. कारण सकाळी मशीनमध्ये तेल घालताना डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, तू शिंपीण ना? सगळ्या गावाची अंगं झाकतेस, तुला एक पिंजरा झाकता येत नाही?

टेप काढला. पिंजऱ्याचं माप घेतलं, रीतसर, माणसाचं घेते तसं. छाती, घेर, उंची, खांदा. तो जाळीला नाक लावून बघत होता. म्हटलं, "सरळ उभा राहा. पोट आत घेऊ नकोस, नंतर घट्ट झालं म्हणून येशील." नवरीच्या डोक्यावरच्या व्हेलची जाळी उरलीय, अतिशय बारीक आहे, माशी सोडा, चिलट शिरणार नाही. वर चुण्या, बाजूला पायपिंगची किनार, खाली चेन. दाणे घालायला आणि पाण्यासाठी समोर एक बाही, तिला मनगटाशी इलॅस्टिक. हात घाला, काम करा, हात काढा, बाही आपोआप मिटते.

मामंजींच्या दारावर टकटक करून सांगितलं. आतून आवाज आला, "बाही माझ्या हाताच्या मापाची कर."

मामंजी आज दिवसभर खोलीत राहिले. चहात बुडवून बिस्कीट खाल्लं, तेवढंच.

२० एप्रिल, गुरुवार

झगा झाला. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण वहीत तोंड नसतं. असा झगा मी नवरीलासुद्धा शिवलेला नाही. शिवण कुठे दिसत नाही, चुण्या अशा पडल्यात की वाऱ्याने हलल्या तर बघत राहावं. काजवालीने बाहीला काज केलं, मोत्याचं बटण लावलं. बटणच्या झग्याला बटण! एकटीच हसले.

मामंजी बाहेर आले! खुर्चीत बसले, बाहीतून हात आत घातला, तो त्यांच्या तळव्यावर येऊन बसला. दुपारी ताट पुन्हा रिकामं. मला इतकं बरं वाटलं की मीही एक द्राक्ष आत सोडलं. बाहीचं इलॅस्टिक कसं चालतंय ते बघायला.

माशा बाहेरून घिरट्या घालतात आणि निघून जातात. आता म्हणावं नवरीच्या आईला, या! आणि लेकीच्या मैत्रिणीलाही सांगता येईल, की एवढ्यात घाई नाही. म्हणजे मला काय, उंदीर राहिला काय, गेला काय. पण झगा वाया जाईल.

२२ एप्रिल, शनिवार

सकाळी दाणे घालायला पिंजऱ्याशी गेले.

माशा आत. एक नाही, दोन नाही, आख्खं वऱ्हाड. जाळीच्या आतून बाहेर बघतायत. बाहेर एकही नाही. माझ्या झग्यातून त्यांना बाहेर पडता येत नव्हतं, इतका तो बेमालूम बसला होता. बटण बिचारा चाकावर बसून डोळे मिटत होता.

मी टाका टाका तपासला. चेन बघितली, बाही बघितली, उजेडात धरून जाळी बघितली. माझ्या शिवणीत एखादं भोक निघालं असतं तर एक वेळ परवडलं असतं. नाही निघालं. मग माशी शिरली कुठून? काजवाली म्हणाली, "करणी असेल." मी म्हटलं, "तू काजं कर."

बारा वाजेपर्यंत विचार केला. बाहेरून आत येता येत नाही. म्हणजे बाहेरून आल्याच नाहीत. म्हणजे आतच जन्मल्या. भुसा तर मी बदलते. बाटली धुते. उरलं काय?

लेकीला फोन लावला. "त्या घरकुलाला हात लावला तर तो कितपत बिचकेल?"

ती म्हणाली, "म्हणजे? तू अजून लावला नाहीस?"

"तूच म्हणालीस लावू नको."

"अगं आई! पहिला आठवडा म्हटलं होतं! नवीन जागेत रुळेपर्यंत! तो सगळं खाणं घरकुलात साठवून ठेवतो, दर आठवड्याला आतलं काढायचं असतं. पण नुसत्या दाण्यांना कुठे माशा येतात? तू त्याला काय काय घातलंयस?"

"काही नाही," असं म्हणून मी फोन ठेवला.

नाकाला फडकं बांधलं, बटणला बादलीत बसवलं आणि घरकुलाचं छप्पर उचललं.

देवा रे. कोठार होतं ते. तळाशी माझी द्राक्षं, सुरकुतलेली, सगळी. माझ्या हिशोबाने मी दोन-तीनच दिली होती, इथे घोसच होता. त्याच्या बाजूला शेंगदाण्यांची रास, काजवालीच्या ओच्यातली. काजवाली पायाच्या अंगठ्याने फरशी घासायला लागली. त्यावर केकचा वाळका तुकडा आणि एक चंदेरी साखरेची गोळी, अजून चमकणारी. आणि ह्या सगळ्याच्या वर, खाली, मध्ये, भरगच्च, काळी पडलेली पपई, चीज आणि अंडं. अंडंच अंडं. त्यात काय वळवळत होतं ते लिहीत नाही.

मी हसायला लागले. काजवालीही हसली. आख्खं गाव माझ्यामागे उंदराला जेवू घालतंय आणि मी मासळीवाल्याशी भांडतेय!

मग हसता हसता थांबले. कारण एवढं अंडं कुणाचं, ते डोक्यात आलं. महिनाभराचं होतं. रिकाम्या ताटांचं होतं. आणि ती पँट, जी मी दोनदा आत घेतली आणि इलॅस्टिकला शिव्या घातल्या. टेप गळ्यात घालून हिंडते मी दिवसभर. परक्या बाईचं अर्ध्या इंचाने पोट सुटलं तर मला दारातून कळतं. आणि घरातला माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला.

मामंजी खुर्चीत बसले होते. पपईची ती फोड घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. आवाज चढवणार होते, चढला नाही.

"मामंजी, हे काय?"

त्यांनी तोंडावर हात धरला. मग हात खाली घेतला आणि कवळी काढून रुमालावर ठेवली. खालच्या हिरडीवर लालभडक फोड होती.

"थंडीपासून लागते," ते म्हणाले. "सैल झालीय. चावलं की कळ जाते मस्तकात."

"मग बोलायचं नाही का?"

"तू पहाटेपासून मशीनवर. त्यात आणखी माझे दात कुठे काढू?"

"आणि ताट? रोज साफ ताट दाखवायचात मला?"

त्यांनी बादलीतल्या बटणकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ताट परत गेलं की तुझा चेहरा उतरायचा. पोरगा गेल्यापासून तू हसतच नव्हतीस, सूनबाई. एक दिवस मी अंडं ह्याला दिलं. तू रिकामं ताट बघितलंस आणि म्हणालीस, 'वा मामंजी, असं पाहिजे!' आणि हसलीस. मग रोजच द्यायला लागलो."

मला रडू आलं. लिहिते खरं खरं, रडू आलं. ढसाढसा रडले, आणि त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले की काजवाली उठून घरी गेली. मग पपई कुस्करली, अंडं दुधात घोटलं, आणि समोर बसून वाटी संपेपर्यंत हलले नाही. दोन्ही गाल तपासले. ह्या घरात गालावर आता माझा विश्वास नाही.

२३ एप्रिल, रविवार

पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, नवा भुसा, नवं घरकुल. एक माशी नाही.

दुपारी लेकीची मैत्रीण आली पिंजरा न्यायला. गोड पोरगी आहे, पण ओढणीवर मांजरीचे केस होते. मामंजी खुर्चीतून उठले, पिंजऱ्याच्या आणि तिच्या मध्ये उभे राहिले, आणि माझ्याकडे बघायला लागले. दात नव्हते तोंडात, परक्यांसमोर बोलायची लाज वाटत होती. पण बघणं पुरेसं होतं.

मी म्हटलं, "अगं, तयार नाही अजून. झग्याचं एक काज राहिलंय."

ती म्हणाली, "काकू, मला झगा नको. नुसता पिंजरा चालेल."

"छे! अर्धवट काम मी दाराबाहेर जाऊ देत नाही. मंगळवारी ये."

"परवाच्या?"

"ये गं मंगळवारी. घे, चहा घे."

२५ एप्रिल, मंगळवार

सकाळी मामंजींना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. नवी कवळी करायला माप घेतलं. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या." मी विचारलं, "कुठल्या वारी? तारीख सांगा. मला हे धंदे शिकवू नका." तारीख घेऊनच उठले.

दुपारी नवरीची आई आली. पिंजरा जागेवर, अंगावर झगा. बाईंनी नाकाशी रुमाल नेला. मी पुढे झाले. त्यांचा हात हातात घेतला आणि तळव्यावर ती चंदेरी गोळी ठेवली. धुवून ठेवली होती.

बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी. "फक्त एकदाच," त्या म्हणाल्या. "त्याने हात असे जोडले होते हो. आमच्या घरी कुणी मला असं काही मागतच नाही."

"बसा," मी म्हटलं. "बाहीतून हात आत जातो. पण केक नाही, दाणे द्यायचे."

नवरी तासभर आरशासमोर एकटीच उभी होती. ट्रायल छान झाली म्हणाली.

९ मे, मंगळवार

बरेच दिवस वही उघडली नाही. राग आला नाही असं नाही, पण लिहायला वेळ कुठे? सॅटिनचं काम चालू आहे. लेकीची मैत्रीण येऊन गेली. काज राहिलंय म्हटलं. आता ती पिंजऱ्याबद्दल विचारत नाही, मंगळवारी चहालाच येते. ओढणी बाहेर काढून ठेवायला लावते मी.

लेक फोनवर म्हणाली, "आई, मग बटण तिथेच राहू दे का?" मी म्हटलं, "तुझी मर्जी. मला काय त्याचं?" ती इतकी हसली की मी फोन मामंजींच्या हातात दिला.

मामंजींची कवळी बसली. पपईच्या फोडी स्वतः चावून खातात, पिंजऱ्याकडे पाठ करून, कारण तो जाळीला नाक लावून बघतो आणि त्यांना घास गिळवत नाही. परवा एक माशी आली होती. मामंजींनी पेपर हलवला, ती गेली.

आज सकाळी ते आतून हाक मारायला लागले. "सूनबाई, ह्या पँटचं काहीतरी कर. कंबरेत काचते." मी म्हटलं, "काढून द्या इकडे." पँट उसवायला घेऊन उन्हात बसले. आधीची आत घेतलेली शिवण होती, दोन्ही वेळची. दोन्ही उसवल्या.

नवरीची आई ट्रायलला आली, म्हणाली, "माझे कपडे आज देणार होतात." म्हटलं, "आज एक अर्जंट काम आलंय. मंगळवारी या."